तासांत मोजायचा उजेड

बेंगळुरूच्या टाऊन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलकडे जाणाऱ्या जे. सी. रोडवर, म्हणजे जयचामराजेंद्र रस्त्यावर, दोन प्रकारची माणसं येतात. एक, रवींद्र कलाक्षेत्रात नाटक बघायला येणारी. दुसरी, गाडीचं काहीतरी बिघडलं म्हणून येणारी. दुसऱ्यांची संख्या कितीतरी जास्त. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आणि आतल्या गल्ल्यांमध्ये स्पेअर पार्टची दुकानं दाटीनं उभी आहेत. सीट कव्हर, हॉर्न, वायपर, क्लच प्लेट, आरसे आणि हेडलाईटचे बल्ब. दिवाळीच्या आधी इथे गर्दी वाढते. पुणे, कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे रात्रीच्या प्रवासानं निघायचं असतं आणि ऐनवेळी लक्षात येतं, की एका बाजूचा दिवा लागत नाही.

एच-४ हा दोन तारांचा बल्ब मागितला, की काउंटरवर एकाच मापाच्या दहा पेट्या येतात. एकीवर ‘+१००’, दुसरीवर ‘+१३०’, तिसरीवर ‘सुपर व्हाईट’. कुठे ४३०० केल्विन, कुठे ६००० केल्विन. एका पेटीवर ६०/५५ वॅट, दुसरीवर १००/९० वॅट. शेजारी पंखा लावलेला एलईडीचा जोड असतो आणि त्यावर ‘५०,००० तास’ असा दावा. साध्या हॅलोजनच्या पेटीवर किती तास चालेल, ते बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. उजेड किती, रंग कोणता, वॅट किती, सगळं आहे. वय मात्र नाही. विचारलं तर ‘काचेच्या वस्तूला गॅरंटी नसते’ हे सगळीकडे ऐकू येणारं उत्तर मिळतं.

हे उत्तर पुरेसं नाही, असं माझं ठाम म्हणणं आहे. कारण बल्बचं वय हा नशिबाचा भाग नाही. ते कारखान्यात ठरवलेलं, मोजलेलं आणि कागदावर लिहून ठेवलेलं असतं. फक्त तो कागद गिऱ्हाइकापर्यंत येत नाही.

या शहराचा दिव्यांशी संबंध

बेंगळुरूला दिव्यांचा इतिहास आहे. कावेरीवरच्या शिवनसमुद्रची वीज १९०२ मध्ये आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली आणि १९०५ मध्ये या शहराच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. मोटारीच्या विजेशीही शहराचं जुनं नातं आहे. १९५१ मध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘मायको’, स्थापन झाली. इथल्या आडुगोडीच्या तिच्या कारखान्यातले स्पार्क प्लग देशभर गेले. २००८ पासून ती बॉश लिमिटेड या नावानं ओळखली जाते.

हेडलाईटच्या बल्बशी थेट जोडलेली गोष्ट अलीकडची आहे. १९८५ मध्ये अजित कुमार राय यांनी बेंगळुरूत सुप्रजित इंजिनिअरिंग सुरू केली. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या केबल हा तिचा मूळ धंदा. याच कंपनीनं २०१५ मध्ये नोएडाची फिनिक्स लॅम्प्स ताब्यात घेतली. गाड्यांचे हॅलोजन बल्ब बनवणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्यांपैकी ती एक. तिच्यासोबत युरोपातल्या दुरुस्तीच्या बाजारात बल्ब विकणारी ट्रायफा आणि लक्सलाईट ही नावंही आली. म्हणजे ज्या शहरात गिऱ्हाईक ‘हा किती टिकेल?’ असं विचारून उत्तराविना परततं, त्याच शहरातली एक कंपनी जगभर हॅलोजन बल्ब पुरवते. उत्तर फार लांब नाही.

बी-३ आणि टी-सी

बल्ब बनवणारे आयुष्य दोन आकड्यांत सांगतात. पहिला बी-३. शंभर बल्ब एकत्र जाळत ठेवले, तर त्यातले तीन जितक्या तासांत जातील, तो बी-३. दुसरा टी-सी. शंभरातले सुमारे त्रेसष्ट बल्ब, नेमकं सांगायचं तर ६३.२ टक्के, जितक्या तासांत जातील, तो टी-सी. बारा व्होल्टच्या बल्बची ही चाचणी १३.२ व्होल्टवर, ठरावीक क्रमानं चालू-बंद करत घेतली जाते.

या दोन आकड्यांतला फरक समजला, की बरेच घोळ सुटतात. एखाद्या बल्बचा टी-सी ५०० तास असेल, तर त्याचा अर्थ ‘हा ५०० तास चालतोच’ असा नाही. ५०० तास होईपर्यंत त्या जातीचे निम्म्याहून जास्त बल्ब गेलेले असतात, असा तो अर्थ आहे. लवकर बल्ब जाईल की काय ही भीती ज्याला आहे, त्यानं बी-३ बघायचा. सर्वसाधारण किती चालेल हे ज्याला हवं आहे, त्यानं टी-सी. साध्या दर्जाच्या चांगल्या हॅलोजनचा टी-सी काहीशे तासांपासून हजाराच्या आसपास असतो. ‘+१३०’ जातीचे बल्ब त्याहून बरेच लवकर आटोपतात. ‘लाँग लाईफ’ म्हणून वेगळे बल्ब निघतात, ते हजाराच्या पुढे जातात.

मग ‘+१३०’ मध्ये जास्त काय मिळतं? इथेही नीट वाचायला हवं. एच-४ बल्बमधून एकूण किती उजेड पडावा, हे आंतरराष्ट्रीय नियमानं बांधलेलं आहे. १३.२ व्होल्टवर हाय बीमला १६५० लुमेन, लो बीमला १००० लुमेन, आणि दोन्हींत पंधरा टक्के कमी-जास्त. साधा असो की महागडा, प्रमाणित बल्ब या चौकटीबाहेर जाऊ शकत नाही. पेटीवरचे १३० टक्के हे कायद्यानं ठरवलेल्या किमान पातळीशी केलेल्या तुलनेतून येतात, आणि तेही गाडीपुढच्या रस्त्याच्या ठरावीक भागापुरते. तार जास्त घट्ट गुंडाळून, जास्त तापवून आणि आतला वायू जास्त दाबानं भरून हा उजेड एका ठिकाणी गोळा केला जातो. फायदा खरा आहे, पण त्याची किंमत तासांमध्ये चुकवावी लागते. समईची वात पुढे सारली, की उजेड वाढतो आणि तेल लवकर संपतं, तसाच हा व्यवहार आहे.

तारेचं झिजणं

बल्बमधली तार टंगस्टनची. हा धातू ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतो, आणि हेडलाईटमध्ये तो तीन हजार अंशांच्या जवळ तापवला जातो. इतक्या तापात धातूचे अणू उडू लागतात. जुन्या साध्या बल्बमध्ये ते काचेवर बसत आणि काच काळी पडे. हॅलोजन बल्बमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीन असतं. ते उडालेल्या टंगस्टनला पकडून पुन्हा तारेकडे नेतं. त्यासाठी काच अडीचशे अंशांहून जास्त तापलेली असावी लागते, म्हणून हा बल्ब इतका लहान आणि काच क्वार्ट्झची. युरोपात १९६२ मध्ये एच-१ आला, १९७१ मध्ये दोन तारांचा एच-४, आणि पुढे आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत तोच बसला.

पण या देवाणघेवाणीत एक उणीव आहे. धातू जिथून उडाला तिथेच परत बसत नाही. तार जिथे बारीक झालेली असते ती जागा जास्त तापते, जास्त तापते म्हणून आणखी बारीक होते, आणि शेवटी तिथेच तुटते. बल्ब संध्याकाळी स्विच दाबल्याबरोबर का उडतो, याचंही कारण इथेच आहे. थंड तारेचा विद्युतरोध तापलेल्या तारेच्या तुलनेत अगदी कमी असतो. त्यामुळे पहिल्या क्षणी प्रवाह उसळून येतो आणि बारीक झालेली जागा तो झटका सोसत नाही.

या सगळ्यात खरा धनी व्होल्टेज. ढोबळ नियम असा, की उजेड व्होल्टेजच्या साडेतीनाव्या घातानं वाढतो आणि आयुष्य तेराव्या घातानं घटतं. बल्बच्या टोकाशी १३.२ ऐवजी १४.२ व्होल्ट पोचले, तर उजेड सुमारे २९ टक्क्यांनी वाढतो, पण ५०० तासांचा बल्ब दोनशे तासांवर येतो. उलट वायरिंग जुनी होऊन १२ व्होल्टच पोचत असतील, तर आयुष्य तिपटीहून वाढतं आणि उजेड २८ टक्क्यांनी घटतो. ‘माझ्या गाडीचा बल्ब सात वर्षं गेला नाही’ असं अभिमानानं सांगणाऱ्यानं एकदा होल्डरपाशी मीटर लावून बघावं. बल्ब टिकतोय कारण तो उपाशी आहे, असं निघण्याची शक्यता असते.

बेंगळुरूतले तास

वर्षांमध्ये मोजलं तर काहीच कळत नाही, म्हणून तासांत मोजू. सूर्य इथे वर्षभर पावणेसहा ते सातच्या दरम्यान मावळतो. आऊटर रिंग रोडवरच्या कचेरीतून सिल्क बोर्ड चौकामार्गे घरी येणाऱ्या माणसाचा दिवा संध्याकाळी दीड तास तरी जळतो. महिन्याला बावीस दिवस धरले, तर ५०० तास व्हायला पंधरा महिने लागतील आणि दोनशे तासांचा झगमगीत बल्ब सहा महिन्यांत संपेल. देवनहळ्ळीच्या विमानतळावर रात्रभर फेऱ्या मारणाऱ्या टॅक्सीचा दिवा आठ तास जळत असेल, तर तेच ५०० तास दोन महिन्यांत होतात. एकाच पेटीतले दोन बल्ब, एक सव्वा वर्ष टिकला आणि दुसरा दोन महिने. दोघांनीही आपलं काम चोख केलं. टॅक्सीवाल्याला मात्र आपल्याला नकली माल मिळाला असंच वाटत राहतं.

दुचाकींचा हिशोब आणखी वेगळा. १ एप्रिल २०१७ पासून देशात नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि दिवसाही बंद करता येत नाही. समोरच्याला दुचाकी दिसावी, यासाठीचा हा नियम योग्यच आहे. पण त्यामुळे ३५/३५ वॅटचा छोटा हॅलोजन, जो पूर्वी फक्त अंधारात जळे, तो पूर्ण फेरीभर जळू लागला. रोज दोन तास फिरणाऱ्या स्कूटरचे वर्षाला सहाशे तास सहज होतात. नव्या दुचाकींमध्ये एलईडी झपाट्यानं आले, त्यामागे हेही एक कारण आहे.

शिवाय इथले खड्डे आणि गतिरोधक. तापलेली तार मऊ असते. वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांनी ती प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या कितीतरी आधी तुटू शकते. बल्ब होल्डरमध्ये सैल बसला असेल, मागची स्प्रिंग नीट लावलेली नसेल, तर हे आणखी लवकर होतं.

जास्त वॅट आणि जळालेले होल्डर

कमी उजेडावर बाजारातला सोपा उपाय म्हणजे १००/९० वॅटचा बल्ब. त्याचं गणित बघावं. ६० वॅटच्या तारेला बारा व्होल्टवर ५ अँपियर लागतात, १०० वॅटच्या तारेला ८.३. तारांमध्ये आणि कपलरमध्ये तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट होते. मूळ वायरिंग यासाठी केलेली नसते. आधी होल्डरचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग कुरकुरीत होतं, मग वितळतं. संपर्क बिघडला, की व्होल्टेज पडतं, आणि महागडा बल्ब साध्याहून मंद जळू लागतो. आतल्या रिफ्लेक्टरची चकाकी उडाली, तर पूर्ण हेडलाईट बदलावा लागतो.

जाणते इलेक्ट्रिशियन म्हणून आधी रिले टाकतात. बॅटरीपासून जाड तार, मध्ये फ्यूज, चिनी मातीचा होल्डर, आणि बल्ब मात्र मूळ ६०/५५ वॅटचाच. जुन्या गाडीत एवढ्यानं मिळणारा फरक अनेकदा बल्ब बदलून मिळणाऱ्या फरकाहून मोठा असतो. बल्ब मात्र मग पुरं व्होल्टेज घेतो आणि आपल्या खऱ्या वयानं जगतो, हे ध्यानात ठेवायचं.

कायदाही इथे आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या एलईडी दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीम काढली, तेव्हा या प्रश्नाची जाहीर चर्चा झाली.

पन्नास हजार तासांचं काय?

आता एलईडीकडे. गाडीबरोबर कारखान्यातून आलेला एलईडी हेडलाईट ही पूर्ण वेगळी वस्तू आहे. तिची भिंगं, थंड ठेवण्याची सोय आणि इलेक्ट्रॉनिक्स एकमेकांसाठी बनवलेली असतात. प्रश्न आहे तो हॅलोजनच्या भोकात बसवायच्या एलईडीचा.

एलईडीचा कण स्वतः खरंच हजारो तास चालतो. तो एकदम विझत नाही, मंदावत जातो. मूळ उजेडाच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ त्याचं आयुष्य मानतात. पण पेटीवरचा आकडा त्या कणाचा असतो, पूर्ण बल्बचा नाही. त्यामागे प्रवाह सांभाळणारं छोटं सर्किट असतं, त्यात कपॅसिटर असतात आणि दर दहा अंश तापमानवाढीला कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मागे बोटाएवढा पंखा असतो. बॉनेटखालची उष्णता, बेंगळुरूच्या बांधकामांची धूळ आणि धूळ बसू नये म्हणून घट्ट लावलेलं रबरी झाकण, या तिन्हींत तो पंखा गुदमरतो. पंखा थांबला, की कण तापतो आणि मग पन्नास हजार तासांना अर्थ उरत नाही.

दुसरा प्रश्न टिकण्याहून महत्त्वाचा. एच-४ मध्ये लो बीमच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती खालचा प्रकाश अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा वरचाच भाग वापरला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही. तारेची जागा मिलिमीटरच्या दहाव्या भागांपर्यंत ठरलेली असते. तिथे चपट्या पट्टीवर दोन बाजूंनी चिकटवलेले कण आले, की किरण भलतीकडे फुटतात. भिंतीवर उजेड भरपूर दिसतो, रस्त्यावर दूर पोचत नाही, आणि समोरून येणाऱ्याला क्षणभर काही दिसत नाही. युरोपातही हे दिवे सरसकट मान्य नाहीत. जर्मनीत २०२० पासून काही ठरावीक एलईडी बल्बना परवानगी आहे, तीही गाडीच्या एकेका मॉडेलवर तपासून.

गेलेला बल्ब वाचावा

जुना बल्ब फेकण्याआधी उजेडात धरून बघावा. काच काळपट किंवा रुपेरी झाली असेल, तर तो आपलं वय पुरं करून गेला. काच स्वच्छ आणि तार एका जागी मोडलेली असेल, तर हादरे किंवा सैल होल्डर. तारेच्या टोकाला वितळून गोळा झाला असेल, तर व्होल्टेज जास्त. अशा वेळी नवा बल्ब घालण्याआधी चार्जिंग तपासायचं. आत पांढरी किंवा पिवळसर पूड दिसली, तर काचेला चीर जाऊन हवा शिरली. काचेला फोड आला असेल किंवा एखादा डाग दुधाळ दिसत असेल, तर बसवताना बोट लागलं होतं. घामातलं मीठ तापलेल्या क्वार्ट्झला खातं. म्हणून बल्ब पितळी बुडाशी किंवा कागदात धरायचा, आणि चुकून हात लागला तर स्पिरिटनं पुसायचा.

अपघाताचा तपास करणारेही अशीच तार वाचतात. धडकेच्या क्षणी दिवा चालू असेल, तर मऊ तार ताणून वेडीवाकडी होते. बंद असेल, तर थंड तार मोडते. काच फुटली तेव्हा तार तापलेली असेल, तर तिच्यावर टंगस्टन ऑक्साईडची पूड दिसते. दिवे लावले होते की नव्हते, हा वाद या तुकड्यावरून सुटू शकतो.

बल्बच्या पुढे

बल्बवर पैसे घालण्याआधी पुढची काच बघायला हवी. आजच्या हेडलाईटची काच पॉलिकार्बोनेटची असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ती पिवळी, धुरकट होते. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे आणि इथल्या बहुतेक गाड्या रस्त्याकडेलाच उन्हात उभ्या असतात. अशा काचेमागे ‘+१३०’ घालून उपयोग नाही. घासून, पॉलिश करून आणि वर नवा संरक्षक थर चढवून काच उजळली, तर जुनाच बल्ब नव्यासारखा वाटतो.

मग फोकस. लो बीमचा वरचा काठ साधारण दहा मीटरवर दहा सेंटिमीटर खाली यावा, असा बसवलेला असतो. दिवाळीला निघताना डिकीत फराळाचे डबे आणि बॅगा, मागच्या सीटवर तिघं. गाडीचं तोंड वर उचललं जातं आणि लो बीम समोरच्याच्या डोळ्यांवर जाते. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांचं एक चाक असतं, ते अशा वेळी फिरवायचं असतं. कित्येकांनी ते कधी वापरलेलंच नसतं. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हावेरी, हुबळी, धारवाड, बेळगाव, कोल्हापूर ही राष्ट्रीय महामार्ग ४८ वरची रात्र सुखाची व्हायला हे चाक, स्वच्छ काच आणि जोडीनं बदललेले दोन साधे प्रमाणित बल्ब पुरतात. जोडीनं अशासाठी, की एक गेला म्हणजे त्याच दिवशी बसवलेल्या दुसऱ्याचेही तेवढेच तास झालेले असतात. जुना चालू असलेला बल्ब डिकीत ठेवावा, वाटेत कामी येतो.

माझी मागणी साधी आहे. हेडलाईटच्या प्रत्येक बल्बच्या पेटीवर बी-३ आणि टी-सी हे दोन आकडे ठळक छापले जावेत, मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत, वाचता येतील अशा अक्षरात. कंपन्यांकडे ते आहेत. आपल्याकडे गाड्यांच्या बल्बसाठी एआयएस-०३४ हे मानक आहे, आणि १९६६ पासून काम करणारी पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय गाड्यांच्या भागांची तपासणी करतेच आहे. औषधाच्या पाकिटावर मुदत छापणं आपण सक्तीचं केलं. रात्री शंभर किलोमीटर वेगानं ज्याच्या भरवशावर आपण मुलाबाळांना घेऊन निघतो, त्या वस्तूवरही तेवढा हक्क असायला हवा.

आणि तो आकडा छापला जाईपर्यंत आपण विचारत राहायचं. ‘किती उजेड पडतो?’ या प्रश्नाला लागूनच ‘किती तास?’ आणि ‘समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही ना?’ हे दोन प्रश्न. जे. सी. रोडवरचा दुकानदार गिऱ्हाईक जे विचारतं तेच ठेवतो. दिवसातून दहा जणांनी तास विचारले, तर अकराव्यासाठी तो उत्तर तयार ठेवेल.